देवाखेरीज कोणाकडे

आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजन, म्हणजे सगळ्यांनी मिळून प्रभूच्या नावाने भाकर घेणं, वर्षातून एकदाच होतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात मंडळीचे दोन वडील घरोघर जातात आणि एकच प्रश्न विचारतात. वडील म्हणजे वयाने मोठे असं नाही, मंडळीने नेमलेले. आम्ही चौघे आहोत. प्रश्न असा असतो: "या घरात देवाखेरीज कोणाकडे काही मागितलं जातं का? कोणापुढे काही ठेवलं जातं का?"

घरातल्यांनी 'नाही' म्हटलं की यादीत नावापुढे 'ठीक' लिहायचं. 'हो' म्हटलं तर ते काय आहे हे बोलायचं, ते काढून टाकायचं आणि रविवारी भाकर घ्यायला यायचं. काढवत नसेल तर त्या रविवारी मागच्या बाकावर बसायचं. कोणी ओरडत नाही, कोणी वाळीत टाकत नाही. भाकरीचं ताट तेवढं पुढून निघून जातं.

हा प्रश्न मी अकरा वर्षं विचारत आलो. शाळा मी सातवीपर्यंतच केली, पण यात मी कच्चा नव्हतो. आमच्या आधीच्या पिढ्या निरनिराळ्या दारांतून देवाकडे आल्या आणि येताना खिशात जुनं काहीतरी घेऊन आल्या. कोणी गळ्यातला दोरा, कोणी मेलेल्यासाठी बाजूला काढलेला घास. वर नाव देवाचं आणि आत भरवसा दुसऱ्याच कशावर. मी धंद्याने रंगारी, त्यामुळे मला दाखला शोधावा लागला नाही. मी सगळीकडे हेच सांगायचो: जुना रंग खरवडल्याशिवाय नवा धरत नाही. वरून कितीही चांगला दिलात तरी सहा महिन्यांत पोपडे येतात. लोकांना पटायचं. मलाही पटलेलं होतं, आणि आजही पटतं. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कोणी असं समजू नये की मी तो प्रश्नच चुकीचा ठरवायला बसलोय.

दहा महिन्यांपूर्वी माझी बायको गेली. पोटाचं दुखणं निघालं आणि सात आठवड्यांत संपलं.

आमचं घर दोन खोल्यांचं. स्वयंपाकघरात टेबल, त्याला दोन खुर्च्या. खिडकीकडची तिची. तिचा डोळा माझ्यापेक्षा चांगला होता. गिऱ्हाइकाला दाखवायच्या रंगाचे दोन-तीन पुठ्ठे रंगवून मी घरी आणायचो, ती सकाळच्या उजेडात बघायची आणि सांगायची, "हा दे. तो दवाखान्यासारखा दिसतो." तिने सांगितलेला रंग बदलून द्यायची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

आमचं प्रश्न विचारणारं पथक घरी आलं की उत्तर तीच द्यायची. माझ्या जोडीचे दुसरे वडील म्हणजे मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले. ते गंभीर चेहरा करून विचारायचे आणि ती दरवर्षी म्हणायची, "देवाखेरीज माझ्याकडेच मागतात हो. मोजे कुठे आहेत, चष्मा कुठे आहे. लिहा तसं!" मास्तर हसत 'ठीक' लिहायचे.

तिला पुरून आल्यावर तिसऱ्या दिवशी लेकीने तिचा फोटो बाहेरच्या खोलीत लावला आणि त्यापुढे फुलं ठेवली. लेक दुसऱ्या शहरात नर्स आहे, रजा काढून आली होती. मी म्हणालो, "फोटो राहू दे. फुलं नकोत."

"का?"

"तुला माहीत आहे का ते."

"बाबा, चार फुलांनी देव रुसतो का?"

"आज फुलं, उद्या दिवा, परवा हात जोडणं. सुरुवात अशीच होते. मी वडील आहे, माझ्याच घरात..."

ती आणखी फुलं लावायला गेली तर मी ती तिच्या हातातून घेतली. जोराने नाही. पण घेतली. ती दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेली. त्यानंतर चार महिने फोन नाही. मी केला तर "ड्युटीवर आहे" म्हणायची आणि ठेवायची.

लेक गेल्यावर पहिल्याच सकाळी सवयीने मी दोन कप चहा केला. ओतून झाल्यावर लक्षात आलं. टाकवेना, म्हणून दुसरा कप तिच्या खुर्चीपुढे ठेवला. म्हटलं, थंड झाला की ओतू. दुसऱ्या दिवशी सवय नव्हती, तरी केला. आठवड्यात मी बोलायला लागलो. आज कुठे काम आहे, कोणाच्या भिंतीला ओल आहे, शिडी कोणी उसनी नेली. रंगाचे पुठ्ठे आणायचो आणि कपाशेजारी मांडायचो. निघताना म्हणायचो, "जाऊ ना?" संध्याकाळी आलो की कपावर साय धरलेली असायची. ती मोरीत ओतायचो आणि कप विसळून ठेवायचो.

तोवर मी स्वतःला सांगत होतो की ही आठवण आहे. आठवण काढायला मनाई नाही.

मग एका सकाळी मी म्हणालो, "पोरीला फोन करायला सांग गं. तुझं ऐकते ती." आणि त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला. जेमतेम दोन मिनिटं बोलली. बरे आहात का, जेवता का. मी फोन ठेवला, स्वयंपाकघरात गेलो आणि खुर्चीकडे बघून म्हणालो, "फार उपकार झाले."

त्यानंतर मी मागतच गेलो. गुडघ्याचं दुखणं, पावसाळ्याआधी बाहेरची कामं आटपणं, लेकीचं येणं. एकदा तिसऱ्या मजल्याच्या बाहेरच्या भिंतीला रंगाचा हात देत होतो, परांचीवर पाय सटकला. त्या क्षणी माणसाच्या तोंडून जे येतं ते खरं असतं. माझ्या तोंडून देवाचं नाव आलं नाही. तिचं आलं.

दुसरीकडे देवाशी बोलणं बंद पडलं होतं. पलंगाशेजारी गुडघे टेकायचो, डोळे मिटायचो, पण शब्दच येत नसे. सभेत माझी पाळी आली की पाठ असलेली वाक्यं म्हणून टाकायचो. खुर्चीसमोर बसलो की मात्र बोलणं थांबायचं नाही. अकरा वर्षं लोकांना विचारत होतो त्याचं उत्तर माझ्या घरात रोज सकाळी सात वाजता टेबलावर वाफाळत होतं. आणि प्रभुभोजनाचा आठवडा आला.

मास्तर म्हणाले, "या वर्षी नको येऊस तू. दुसऱ्या कोणाला घेतो."

"येतो," मी म्हणालो. घरी बसून तरी काय करणार होतो.

पहिल्या दिवशी चौथं घर बेकरीवाल्याचं. तो भट्टीपाशीच भेटला, कोपरापर्यंत पीठ. मास्तरांनी प्रश्न विचारला. बेकरीवाला म्हणाला, "मास्तर, खोटं नाही बोलत. पहाटे भट्टी पेटली की कणकेचा पहिला गोळा विस्तवात टाकतो."

"कोणासाठी?"

"कोणासाठी म्हणजे... भट्टीसाठी. माझा बाप टाकायचा, त्याचा बाप टाकायचा."

"नाही टाकला तर?"

"पाव फुगणार नाही."

"यीस्ट कशाला घालतोस मग?"

"ते पण घालतो. कशाला दोघांना नाराज करा?"

मास्तरांना हसू आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. इथे मी माझा रंगाचा दाखला द्यायचा, असं इतक्या वर्षांचं ठरलेलं. मी भट्टीकडे बघत उभा राहिलो. शेवटी मास्तरांनीच त्याला समजावलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "या वेळी मागेच बसतो मी. नाही टाकला तर पुढचा गोळा हातातून सुटत नाही हो, कसं सांगू?" मला ते शंभर टक्के समजलं. आदल्या वर्षी समजलं नसतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही शिलाईवाल्या बाईंकडे गेलो. त्यांचं सांगायला चार वर्षं मागे जावं लागेल. त्यांचा नवरा ट्रकवर होता, अपघातात गेला. त्या वर्षी मी आणि मास्तर प्रश्न घेऊन गेलो तेव्हा शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर नवऱ्याची टोपी होती आणि टोपीपुढे छोटा दिवा लावलेला. बाईंनी लपवलं नाही. 'हो' म्हणाल्या. काढवत नाही म्हणाल्या. मी दाखला दिला. मग मी पुढे झालो, वाकून दिव्यावर फुंकर मारली, दिवा उचलून त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "ताई, हा आता स्वयंपाकघरात." टोपी राहू दिली. आम्ही जिना उतरून पुढच्या घरी गेलो. वर्षभर त्या मागच्या बाकावर बसल्या, नंतर पुढे आल्या. मला भेटल्या की मान हलवायच्या, तेवढंच. मी म्हणायचो, चांगलं काम झालं.

या वेळी त्या मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या, "विचारा लवकर. मला सहाच्या आत चार पँट आत घेऊन द्यायच्यात."

मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"आणि कोणापुढे..."

"नाही म्हटलं ना, मास्तर. फळी बघा पाहिजे तर. कात्री आहे, रिळं आहेत. रिळांना हात जोडायची वेळ अजून आलेली नाही."

मास्तरांनी 'ठीक' लिहिलं. बाई आता माझ्याकडे वळल्या. "आज दाखला नाही का, रंगारीभाऊ? जुना रंग खरवडल्याशिवाय नवा धरत नाही, तो? मला पाठ आहे."

"नाही. आज नाही."

"मग मीच एक विचारते, तुमच्या धंद्यातलं. भिंत खरवडून झाली की रंगारी काय करतो? घरी जातो?"

"नाही. धूळ पुसतो. पहिला हात देतो."

"त्याच दिवशी?"

"शक्यतो त्याच दिवशी. उघडी ठेवली तर ओल धरते."

"असं का," त्या म्हणाल्या आणि मशीनवर पाय दाबला. त्या आवाजात पुढे काही बोलता येत नव्हतं.

जिना उतरताना मास्तर म्हणाले, "जीभ आहे की सुई!"

शेवटचं घर माझं राहिलं. शुक्रवारी दुपारी चारच्या सुमाराला मास्तर आले. मी मुद्दामच कप उचलला नव्हता. उचलायचं मनात आलं होतं, हेही सांगतो. सकाळपासून तीनदा हात पुढे गेला. उचलून, विसळून, पालथा घातला असता तर प्रश्नच मिटला असता. 'नाही' म्हणायचं, रविवारी पुढच्या बाकावर बसून भाकर तोडायची आणि सोमवारी सकाळी पुन्हा दोन कप. कोणाला कळणार होतं? पण मग मी ज्यांना ज्यांना मागच्या बाकावर पाठवलं त्यांच्यापेक्षा मी खाली गेलो असतो. त्या लोकांनी निदान खरं सांगितलं होतं.

आणि खरं सांगितलं तर तीही जाणार. दुसऱ्यांदा. या वेळी माझ्याच हाताने.

मास्तर खुर्चीकडे न जाता स्टूल ओढून बसले. त्यांनी कप बघितला, मग छताकडे बघितलं. "कोणी येऊन गेलं वाटतं."

"नाही."

"हं." त्यांनी यादी काढली, गुडघ्यावर ठेवली. "तुला काय विचारायचं? दहा महिने झालेत फक्त. 'ठीक' लिहितो."

"विचारा, मास्तर."

"अरे, मला घरी जायचंय. बायको वाट बघतेय."

"सगळ्यांना विचारलंत तसं विचारा."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. वीस वर्षं तोंडपाठ असलेला प्रश्न त्यांनी कागदावरून वाचून विचारला, म्हणजे माझ्याकडे बघावं लागू नये.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी यादी गुडघ्यावर उलटी ठेवली. मग म्हणाले, "हे बघ, माणूस बोलतो. दाढी करताना मी माझ्या गेलेल्या भावाशी बोलतो. क्रिकेटचं सांगतो त्याला. ते यात धरत नाहीत."

"मी मागितलं, मास्तर. पोरीचा फोन येऊ दे म्हणून मागितलं."

"आणि?"

"आला. त्याच दिवशी."

"योगायोग."

"असेल. पण मी आभार कोणाचे मानले, ते विचारा."

मास्तरांनी ते विचारलं नाही. कपाकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मग काय म्हणतोस?"

"आज काढतो. पण या रविवारी मला भाकर नको. मी मागे बसतो."

"वडील मागे बसला तर लोक काय म्हणतील?"

"लोकांना मीच बसवलंय तिथे."

त्यांनी यादीत माझ्या नावापुढे काय लिहिलं मी बघितलं नाही. उठून त्यांनी छोटी प्रार्थना केली, चांगली केली, माझ्या खांद्यावर हात ठेवला. दारात चप्पल घालताना म्हणाले, "जाऊ मी?"

"जा. वहिनी वाट बघत असतील."

त्यांचे पाय जिन्यावर वाजत गेले. फाटकाचा आवाज आला. मी घड्याळ बघितलं, पावणेपाच.

मग मी चहा मोरीत ओतला. कप विसळला, पुसला आणि फडताळात वरच्या कप्प्यात मागे ठेवला. खुर्ची टेबलापासून काढून बाहेरच्या खोलीत भिंतीला लावली आणि तिच्यावर घडी केलेले कपडे ठेवले. रंगाचे दोन पुठ्ठे होते, ते पिशवीत टाकले. मोठ्याने म्हणालो, "आता तुझ्याकडे काही मागणार नाही." एवढं बोललो आणि ते बोलणंही तिच्याशीच झालं हे लक्षात आलं. मग तोंड मिटलं.

सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नसतील. टेबलाला एकच खुर्ची फार विचित्र दिसते. भिंतीला टेबल सरकवावं का असा विचार केला, पण उठलो नाही. गुडघे टेकून बघितलं. देवा, म्हणालो, आणि पुढे काही नाही. कालपर्यंत निदान ऐकणारं कोणीतरी होतं, खोटं का होईना. आता घरात मी एकटा, आणि मला बोलता येत नव्हतं. शेजारच्या घरात कोणीतरी भांडी घासत होतं. ते थांबलं तेव्हा वाटलं, थांबायला नको होतं.

सकाळी हाताने दोन कप पाणी मोजलं. एक परत ओतलं. निघताना दारात थबकलो, कारण दहा महिने तिथे दोन शब्द बोलून निघायची सवय होती. गप्प कुलूप लावलं, खाली आलो आणि कामाच्या जागी पोचल्यावर कळलं की ब्रशची पिशवी घरीच राहिली.

रविवारी मी मागच्या बाकावर बसलो. तिथे बेकरीवाला आधीच होता. सरकून जागा देत कुजबुजला, "या, वडील, या. इथे वारा चांगला येतो."

"गप बस रे."

"गपच आहे. मला वाटलं मी एकटाच असेन. बरं वाटलं हो, वाईट नका मानू."

प्रार्थनेचा हॉल मीच रंगवलेला आहे, पांढरा, तीन हात. एक चित्र नाही, एक मेणबत्ती नाही, समोर फक्त साधं टेबल. मला त्या भिंतींचा अभिमान होता. त्या दिवशी वळून बघितलं तर मागच्या बाकामागच्या भिंतीला मी दोनच हात दिले होते. रोलरचे पट्टे सरळ दिसत होते. इथे कोण बघतंय, असं मी तेव्हा म्हटलं असणार.

ताट आलं. बेकरीवाल्याने मान खाली घातली. मी ताटाकडे बघत राहिलो. ते धरणारा माणूस आमच्या चौघांपैकीच एक, तो माझ्याशी नजर न मिळवता पुढे गेला. भाकरीचा वास आला तेवढा. शिलाईवाल्या बाई चार ओळी पुढे होत्या. त्यांनी भाकर घेतली, आणि बसता बसता एकदा मागे वळून बघितलं. लगेच पुढे बघितलं. बाहेर पडल्यावर लोक माझ्याशी नेहमीसारखं बोलले, जरा जास्तच नेहमीसारखं. मंडळीचे पाळक म्हणाले, "भेटू." मी घरी आलो. दुपारी लेकीला फोन केला. उचलला नाही.

सोमवारी मी कामावर गेलो नाही. अकराच्या सुमाराला शिलाईवाल्या बाईंचा जिना चढलो. त्या निळ्या कापडाला दुमड घालत होत्या.

"आज कोणता प्रश्न?" त्या म्हणाल्या.

"प्रश्न नाही. माफी मागायला आलोय."

"दिव्याची?"

"हो."

त्यांनी दोरा दाताने तोडला. "दिवा काढायलाच हवा होता, भाऊ. मी त्याला काय काय विचारायचे माहीत आहे? आज गिऱ्हाईक येईल का, डोळ्यांचं पाणी थांबेल का, घरमालक ओरडेल का. बिचारा! जिवंतपणी त्याला स्वतःची टोपी सापडायची नाही. डोक्यावर असायची आणि घरभर शोधायचा. त्याच्याकडे मी पाऊस मागायचे." त्या हसल्या, पण फार नाही. "देवाचं होतं ते त्याच्या अंगावर टाकत होते मी. तुम्ही बोललात ते बरोबर होतं. त्याचा राग नाही."

"मग?"

"तुम्ही फुंकर मारलीत आणि जिना उतरलात. मी खिडकीतून बघत होते. खाली उभं राहून तुम्ही मास्तरांना विचारत होतात, पुढचं घर कोणतं."

मला ते आठवलं. खरंच विचारलं होतं.

"संध्याकाळपर्यंत मी इथे बसून होते," त्या म्हणाल्या. "त्याच्याशी बोलायचं नाही हे कळलं होतं. देवाशी कसं बोलतात ते विसरले होते. एखादा माणूस तरी बसायला हवा होता. बोलला नसता तरी चाललं असतं. नुसता बसला असता."

मी उभाच होतो. म्हणालो, "शुक्रवारी मास्तर माझ्याकडे आले होते."

"कळलं मला. रविवारी बघितलं तेव्हा कळलं. वहिनींशी बोलायचात?"

"हो. रोज सकाळी."

"आणि मास्तर गेले लगेच?"

"त्यांना मीच जा म्हणालो."

"मीही तुम्हाला तेच म्हणाले असते," त्या म्हणाल्या. मग स्टुलावरचा कापडांचा ढीग उचलून खाली ठेवला. "बसा."

मी बसलो. त्या दुमड घालत राहिल्या. खोली लहान होती, एक खिडकी, मशीन, फळीवर रिळं, कोपऱ्यात इस्त्री. फळीच्या वरची भिंत काजळीने थोडी काळी होती, अजूनही. मी काही बोललो नाही, त्याही बोलल्या नाहीत. अर्धा तास तरी गेला असेल. मग मी म्हणालो, "ताई, मला येत नाही. देवा म्हणतो आणि पुढे काही येत नाही. तुम्हाला किती दिवस लागले?"

"वर्ष गेलं."

"पहिल्यांदा काय म्हणालात?"

"शिवी दिली. मोठ्याने. शेजारणीला वाटलं तिलाच दिली, दोन महिने बोलत नव्हती माझ्याशी." त्यांनी मशीन थांबवलं आणि कापड मांडीवर घेऊन हाताने काज करायला घेतलं. "म्हणा आता काय यायचं ते. मी ऐकत नाही. मला काज मोजायचेत."

मी डोळे मिटले नाहीत. मिटले की खुर्ची दिसायची. मी इस्त्रीकडे बघत बोललो.

"देवा, मी रंगारी. माझी बायको गेली. तुला माहीतच आहे. मी इतके दिवस तिच्याकडे मागत होतो, तू असताना. तिचा काही दोष नाही त्यात. लेक रागावली आहे. तिच्या हातातली फुलं मी घेतली, आणि नंतर स्वतः रोज चहा ठेवला. हे तिला सांगायचंय, पण फोन उचलत नाही. तू बघ काहीतरी. आता दुसऱ्या कोणाला सांगणार नाही." थोड्या वेळाने म्हणालो, "घरात कोणी नाही. फार होतंय मला."

पुढे काही आलं नाही. बाईच म्हणाल्या, "आमेन."

"एवढंच येतं," मी म्हणालो.

"पुष्कळ आहे. शिवीपेक्षा बरंच लांब आहे."

मी उठायला लागलो तर त्यांनी सुई धरलेल्या हाताने खुणावलं, बसा. मी परत बसलो. खाली कोणीतरी चालत आलं आणि जिना चढून एक बाई आत आल्या, हातात पडद्यांचं गाठोडं. मला बघून दारातच थांबल्या.

"यांचं घाईचं असेल तर आधी यांचं घ्या. मी थांबते."

"यांचं काही शिवायचं नाही," शिलाईवाल्या बाई म्हणाल्या. "आमच्या मंडळीतले आहेत. बसलेत."

गाठोड्यासाठी जागा व्हावी म्हणून मी स्टूल थोडं भिंतीकडे सरकवलं. शिलाईवाल्या बाईंनी पडदे उलगडले आणि टेप घेऊन मापं घ्यायला लागल्या.